रात्री जागं कोण असणार?

२ जुलै २०२५ रोजी टेक्सास राज्याच्या आरोग्य खात्याने ग्वादालूपे नदीकाठच्या ‘कॅम्प मिस्टिक’ या मुलींच्या उन्हाळी शिबिराची तपासणी केली. आपत्तीच्या वेळी काय करायचं याची लेखी योजना शिबिराकडे आहे, अशी नोंद झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने त्या भागात पुराची शक्यता वर्तवली. मध्यरात्र उलटून १ वाजून १४ मिनिटं झाली असताना, म्हणजे ४ जुलैला, अचानक येणाऱ्या पुराचा स्पष्ट इशाराही निघाला. त्या रात्री नदी साधारण पाऊण तासात २६ फूट चढली, असं राज्याच्या अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं. शिबिरातल्या २५ मुली, त्यांची काळजी घेणाऱ्या २ तरुण ताया आणि मुलींना हलवण्याची धडपड करणारे शिबिराचे संचालक, इतकी माणसं त्या पाण्यात गेली. गेलेल्यांपैकी बऱ्याच मुली आठ-नऊ वर्षांच्या, नदीच्या जवळच्या खोल्यांत झोपलेल्या होत्या. त्या पुरात टेक्सासमध्ये एकूण १३० हून अधिक माणसं दगावली. शिबिरांच्या सुरक्षिततेवरच्या या पुस्तकाच्या तोंडाशीच ही हकिगत ठेवली आहे, कारण इथे योजना होती, तपासणी झालेली होती, इशाराही वेळेवर निघाला होता. आपण एरवी ज्या तीन गोष्टींची मागणी करतो त्या तिन्ही कागदोपत्री हजर होत्या आणि तरीही मुली वाचल्या नाहीत.

मग कमी काय पडलं? याचं एक उत्तर त्याच नदीवर, त्याच रात्री मिळतं. काही अंतरावर ‘मो-रँच’ नावाचं शिबिरस्थळ आहे. तिथे रात्री एकच्या सुमाराला देखभाल पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला नदी चढताना दिसली. त्याने वरिष्ठांना कळवलं. वरिष्ठ आधीपासूनच वादळाच्या बातम्यांवर लक्ष ठेवून होते. स्थानिक प्रशासनाकडून काही येण्याची वाट न पाहता नदीजवळच्या इमारतीत झोपलेल्या सुमारे ७० मुलामाणसांना त्यांनी उठवून सुरक्षित जागी नेलं. तिथे एकही जीव गेला नाही. ही तुलना करताना जपून बोललं पाहिजे. दोन्ही ठिकाणची जमीन वेगळी, मुलांची संख्या वेगळी, वयं वेगळी. कॅम्प मिस्टिकमध्ये शेकडो मुली होत्या, त्यांना अंधारात हलवणं सोपं नव्हतं. पण हे सगळे फरक मान्य केल्यावरही एक गोष्ट उरतेच. मो-रँचमध्ये एक माणूस जागा होता, तो नदीकडे बघत होता, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारं माणूस एका हाकेवर होतं, आणि त्या दोघांच्या वर तिसऱ्या कुणाची परवानगी लागली नाही. माझं या प्रस्तावनेतलं म्हणणं एवढंच आहे: इशारा कानी पडल्यापासून मुलाचं पहिलं पाऊल उचललं जाईपर्यंत मध्ये जितक्या जणांना विचारावं लागतं, तितकी ती योजना कच्ची. शिबिराच्या आपत्ती-नियोजनातला बहुतेक सगळा विचार हे मधले थांबे काढून टाकण्यावर खर्च झाला पाहिजे.

कागदावरची योजना पुष्कळदा हे थांबे वाढवते. कॅम्प मिस्टिकविरुद्ध पालकांनी जे दावे दाखल केले, त्यांत असा आरोप आहे की पूर आल्यास कार्यालयाकडून सूचना येईपर्यंत मुलींनी आपापल्या खोलीतच थांबावं, असं त्या योजनेत लिहिलेलं होतं. आरोपाचा निवाडा न्यायालयं करतील. पण वाक्याची ही घडण आपल्या इथल्या कुठल्याही शाळेच्या, वसतिगृहाच्या, सहलीच्या नियमावलीत सापडेल: सूचना येईपर्यंत जागा सोडू नये. दिवसाढवळ्या, शहरात, शिक्षक समोर असताना हा नियम बरोबरच आहे, नाहीतर मुलं सैरावैरा पळतील. रात्री दीड वाजता, पावसात, फोनला रेंज नसताना तोच नियम घातक ठरतो, कारण सूचना देणारा माणूस एकच असतो आणि नेमका त्याच वेळी तो दुसऱ्या टोकाला कुणाला तरी बाहेर काढत असतो. म्हणून ‘सूचना मिळाल्यास काय करायचं’ हे लिहून भागत नाही. सूचना मिळालीच नाही तर काय करायचं, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. पाणी अमुक दगडाला लागलं, विजेचा कडकडाट अमुक सेकंदांच्या आत ऐकू आला, की त्या तंबूतल्या दादाने किंवा ताईने कुणालाही न विचारता मुलांना घेऊन निघायचं. असा दगड शिबिर सुरू होण्याआधी निवडून त्यावर रंगाचा पट्टा ओढायला पैसे लागत नाहीत. तो पट्टा बघणारं माणूस रात्रभर जागं ठेवायला मात्र पाळ्या लावाव्या लागतात. दिवसभर मुलांना घेऊन डोंगर चढलेल्या विशी-बाविशीच्या पोरांवर ही पाळी टाकून उपयोग नाही, त्यांना झोप लागणारच. रात्रीच्या पहाऱ्यावरच्या माणसाने दिवसा झोप घेतलेली असावी, ही गोष्ट शिबिराचं अंदाजपत्रक करतानाच ठरवावी लागते.

मधल्या थांब्यांमुळे काय होतं याचं याहूनही कठोर उदाहरण रशियातलं आहे. १८ जून २०१६ रोजी करेलियातल्या स्यामोझेरो तलावावर एका शिबिराने ४७ मुलांना बोटींतून सफरीवर नेलं. सोबत मोठी माणसं चारच. वादळाचा इशारा आधी दिला गेला होता, तरी बोटी पाण्यात उतरल्या. वादळात त्या उलटल्या आणि १४ मुलं गेली. बुडण्याआधी एका मुलाने आपत्कालीन क्रमांकावर फोन लावला होता. पलीकडे तो कुणीतरी केलेली चेष्टा समजून सोडून दिला गेला. किनाऱ्याला लागलेली एक मुलगी दुसऱ्या दिवशी जवळच्या गावात पोचली तेव्हा बाहेरच्या जगाला काय झालं ते कळलं. पुढे शिबिराच्या चालकांना आणि तो फोन दुर्लक्षित करणाऱ्या कर्मचारी स्त्रीलाही न्यायालयाने दोषी ठरवलं. या एका घटनेत सगळ्या कड्या दिसतात. इशारा कार्यालयात पोचला, तो किनाऱ्यावर पोचला नाही किंवा पोचूनही मानला गेला नाही. मुलाने मदत मागितली, पण मुलाचा आवाज पुरेसा मानला गेला नाही. शिबिराची योजना तपासताना मी म्हणेन, या एका प्रश्नापासून सुरुवात करावी: तिथल्या सगळ्यात लहान, सगळ्यात कमी अधिकाराच्या माणसाने ‘धोका आहे’ म्हटलं, तर पुढे काय होतं?

अर्थात धोक्याच्या रात्री घ्यायचे कितीतरी निर्णय त्या रात्री घेण्यासारखे नसतातच. ते काही महिने, काही वर्षं आधी घेतलेले असतात, आणि त्यांत सगळ्यात मोठा निर्णय मुलं झोपणार कुठे हा. ७ ऑगस्ट १९९६ रोजी स्पेनमध्ये पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी बिएस्कास इथल्या तंबूंच्या तळावर डोंगरातल्या ओढ्याचा लोंढा आला आणि ८७ माणसं गेली. तो तळ ओढ्याने पूर्वी वाहून आणलेल्या गाळाच्या पंख्यावरच वसवलेला होता. सपाट, मऊ, तंबू ठोकायला सोपी जमीन तिथे का आहे, याचं उत्तर ओढ्याने स्वतः लिहून ठेवलं होतं. पुढे स्पेनच्या न्यायालयाने या जागेला परवानगी देणाऱ्या प्रशासनाला नुकसानभरपाईसाठी जबाबदार धरलं. टेक्सासमध्येही कॅम्प मिस्टिकच्या बऱ्याच इमारती सरकारी नकाशातल्या शंभर वर्षांच्या पूरक्षेत्रातून अपील करून वगळण्यात आल्या होत्या, असं नंतर बाहेर आलं. नकाशावरून रेषा सरकवता येते. पाणी ती रेषा बघून थांबत नाही. आपल्याकडे जलसंपदा विभाग नद्यांच्या दोन पूररेषा आखतो: २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. शहरातली बांधकाम परवानगी, कोल्हापूर-सांगलीचा पूर, यांच्या निमित्ताने या रेषांवर भांडणं होतात. पण नदीकाठच्या रिसॉर्टमध्ये किंवा धरणाच्या जलाशयाकाठी तंबू ठोकून मुलांचं शिबिर घेणाऱ्या किती जणांनी आपला तंबू कुठल्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे हे पाहिलेलं असतं? लहान ओढ्यांना तर अशा रेषा आखलेल्याही नसतात. तिथे गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं: इथे पाणी कुठवर आलेलं पाहिलंय? उत्तर मिळालं की त्याहून वरच जागा शोधायची. पाण्याजवळचा तंबू फोटोत चांगला दिसतो, म्हणून जाहिरातीत तोच असतो. मुलांना झोपवायला तो नको.

परवानगीची वाट न पाहता हलण्याच्या सल्ल्याला एक वजनदार आक्षेप आहे आणि तो त्याच ग्वादालूपे नदीने उभा केला आहे. १७ जुलै १९८७ रोजी कम्फर्ट या गावाजवळच्या एका शिबिरातून पुराच्या भीतीने मुलांना बसमध्ये बसवून हलवण्यात आलं. वाटेत पाण्याने बस आणि सोबतची व्हॅन अडवली. ४३ जणांना पाण्यात उतरावं लागलं आणि १० किशोरवयीन मुलं वाहून गेली. थांबली असती तर वाचली असती, असं म्हणणारे तेव्हाही होते. तेव्हा ‘परवानगीशिवाय हलवा’ हा सल्लाही जीवघेणा ठरू शकतो. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच हलणं म्हणजे काय हे नेमकं सांगावं लागतं. वाहनात घालून दूर नेणं हा बहुतेक वेळा चुकीचा मार्ग असतो, कारण रस्ता नदीला, ओढ्याला, मोऱ्यांना कुठे ना कुठे ओलांडतोच. सहा इंच खोलीचं वेगवान पाणी मोठ्या माणसाचे पाय उखडतं, फूटभर पाणी लहान गाडी उचलतं, दोन फूट पाण्यात बहुतेक गाड्या वाहू लागतात. शाळेची बस जड असते म्हणून वाहत नाही, हा भ्रम आहे. ३१ जुलै १९७६ रोजी कोलोरॅडोतल्या बिग थॉम्पसन घळीत पूर आला आणि १४४ माणसं गेली, त्यांतले कितीतरी जण गाडीने घळीबाहेर पळून जाण्याच्या प्रयत्नात होते. त्यानंतर कोलोरॅडोत घळींच्या तोंडाशी पाट्या लागल्या: पूर आल्यास गाडी सोडा, वर चढा. शिबिराला हेच लागू पडतं. पायी, जवळ, वर आणि लवकर. मुलं पाच-दहा मिनिटांत चढू शकतील अशी उंच जागा आणि तिथे जाणारी वाट दिवसा पायाखालून गेलेली. अशी जागा जवळपास नसेल तर तिथे मुक्कामी शिबिर घेऊ नये, यावर माझं मत पक्कं आहे. १९८७ च्या त्या कम्फर्ट गावाने पुढे भोंगे बसवले. २०२५ च्या पुरात तिथे ते वाजले आणि त्या गावात कुणी दगावलं नाही. वरच्या बाजूच्या कर काउंटीत, म्हणजे कॅम्प मिस्टिक ज्या जिल्ह्यात आहे तिथे, भोंगे नव्हते. त्यासाठी मागितलेलं अनुदान काही वर्षांपूर्वी नाकारलं गेलं होतं.

महाराष्ट्रातली उन्हाळी शिबिरं एप्रिल-मेमध्ये होतात, पूर जुलै-ऑगस्टमध्ये येतात, तेव्हा हे आपल्याला कितपत लागू, असं कुणी विचारेल. एप्रिल-मे हा आपल्याकडे वळवाचा आणि विजांचा काळ आहे. दुपारनंतर भरून येतं, वारा सुटतो, तासाभरात सगळं होऊन जातं. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या पारस इथे वादळी पावसात मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडखाली लोक आडोशाला थांबले होते. मोठं झाड त्या शेडवर कोसळलं आणि ७ जण गेले. आडोसा आणि निवारा यांतला फरक तिथे दिसतो. उघड्या बाजूंची शेड, मांडव, तंबू, झाड, हे सगळे पावसापासून आडोसे आहेत, वादळ आणि विजेपासून नाहीत. विजेपासून वाचवतात त्या दोनच गोष्टी: पक्की बंदिस्त इमारत आणि पत्र्याच्या टपाची बंद गाडी. नियम मुलांनाही पाठ करता येतो. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत कडकडाट ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे आणि मैदान सोडायचं. शेवटच्या कडकडाटानंतर अर्धा तास पुन्हा बाहेर पडायचं नाही. अर्धा तास हा भाग सगळ्यात जास्त मोडला जातो, कारण ऊन पडलेलं दिसतं आणि खेळ अर्धवट राहिलेला असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अॅप आसपासच्या विजांची सूचना देतं. हवामान खात्याचे पुढच्या काही तासांचे अंदाज जिल्हावार निघतात. ही साधनं फुकट आहेत. पण मेअखेर भंडारदऱ्याकडे काजवे बघायला जाणाऱ्या गटांत अंधारात, झाडांखाली, डोंगरउतारावर मुलं उभी असतात आणि सगळ्यांचे फोन फोटोसाठी बाहेर असले तरी आभाळाकडे बघायचं काम कुणाच्याच वाट्याला नसतं. कामाचं नाव आणि माणसाचं नाव एकत्र लिहिलं गेलं नाही, तर ते काम होत नाही.

सराव असला की भागतं, असं समजणाऱ्यांनी आयोवातल्या ‘लिट्ल सू’ या बालवीर तळाची हकिगत पाहावी. ११ जून २००८ रोजी तिथे चक्रीवात आला. मुलांनी आदल्याच दिवशी आपत्तीचा सराव केला होता. तरी ४ मुलगे गेले आणि ४८ जण जखमी झाले, कारण त्या तळावर अशा वाऱ्याला तोंड देणारी एकही इमारत नव्हती. मुलं ज्या इमारतीत शिरली तीच कोसळली. पण पुढचं दृश्यही तितकंच खरं आहे. मदत पोचण्याआधी त्याच मुलांनी ढिगारा उपसला, रक्तस्राव थांबवला, कुणाला आधी न्यायचं ते ठरवलं. सरावामुळे जीव वाचले, पण जे भिंतींनी वाचवायला हवं होतं ते सरावाने वाचलं नाही. जागा, निवारा, इशारा, अधिकार आणि सराव यांतलं एक असलं म्हणून दुसरं माफ होत नाही.

उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा धोका तर आपत्तीसारखा दिसतही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानातल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जण गेले. ऊन कडकडाट करत नाही, त्याला भोंगा नसतो. मैदानावरचा कार्यक्रम एक-दोन तास लांबतो एवढंच होतं. शिबिरात हेच घडतं: ठरलेली स्पर्धा दुपारी दीडवर गेली, पाहुणे यायचे आहेत, पालक चित्रफितीची वाट बघतात. स्पर्धा थांबवायचा अधिकार कुणाचा, हे लिहिलेलं नसेल तर कुणीच ती थांबवत नाही. मूल बरळू लागलं, घाम थांबून अंग भाजू लागलं, की ते दमलेलं नाही, त्याला उष्माघात झाला आहे. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत, वारा घालत तिथेच थंड करायला घ्यायचं आणि १०८ ला फोन लावायचा. सर्पदंशही असाच, आपत्तीसारखा न दिसणारा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे मूल पोट दुखतंय म्हणतं, पापण्या जड होतात, आणि ताई त्याला ओवा देते. ओवा देणाऱ्या ताईचा दोष नाही. अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी का हवी आणि जवळच्या कुठल्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष आज खरोखर शिल्लक आहे, हे तिला शिबिराआधी कुणी सांगितलं नाही, हा दोष आहे.

आता साहसाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं. मुलं आधीच घरात, पडद्यापुढे कोंडलेली आहेत. थोडं भिजणं, थोडं पडणं, रात्रीच्या अंधाराची भीती मोडणं यासाठीच तर शिबिर असतं. सगळीकडे नियम आणि भोंगे लावले तर ते मोकळं आभाळ शाळेच्या पटांगणासारखं होईल. या म्हणण्यात तथ्य आहे आणि मला ते जपावंसं वाटतं. डोंगर चढताना गुडघा फुटणं हा शिकण्याचा भाग आहे. पण मुलाने पत्करलेला धोका वेगळा आणि झोपेत असताना दुसऱ्याने त्याच्या वतीने पत्करलेला धोका वेगळा. कडा चढणाऱ्या मुलाला कडा दिसतो, त्याला दोर दिला जातो, नाही म्हणायची मुभा असते. पूररेषेत झोपलेल्या मुलीला ती रेषा कुणी दाखवलेली नसते. पहिला धोका शिबिराने जरूर द्यावा. दुसरा देण्याचा अधिकार कुणालाच नाही. आणि खरं सांगायचं तर आभाळ वाचायला शिकणं, वाऱ्याची दिशा ओळखणं, अंधारात आपली वाट पायांनी शोधणं यासारखं साहसाचं शिक्षण दुसरं नाही.

खोट्या इशाऱ्यांचा प्रश्न त्याहून अवघड आहे. हवामान खात्याचा पिवळा इशारा कितीतरी दिवस असतो आणि पुष्कळदा काहीच होत नाही. तीन रात्री मुलांना उठवून टेकडीवर नेलं आणि पाऊस आलाच नाही, तर चौथ्या रात्री कुणीही उठणार नाही, उलट पालक तक्रार करतील. हे होणारच, आणि त्यावर पूर्ण उपाय नाही. पण पायऱ्या ठेवता येतात. दुपारी जिल्ह्यासाठी इशारा आला की मुलांना उठवायचं नाही, त्यांचं अंथरूण वर हलवायचं. ती रात्र पक्क्या सभागृहात काढायची, गाणी तिथेच म्हणायची. कॅम्प मिस्टिकच्या बाबतीत दुपारची पूरसूचना आणि रात्रीचा इशारा यांत जवळजवळ बारा तास होते. रात्री एक वाजता शेकडो मुली हलवणं कठीण, दुपारी चार वाजता फक्त नदीकाठच्या खोल्यांतल्या गाद्या हलवणं कठीण नाही. काहीच झालं नाही तर एक गैरसोयीची रात्र जाईल. तक्रार करणाऱ्या पालकाला शिबिरचालकाने त्या गैरसोयीचं कारण न लाजता सांगावं.

खर्चाचा मुद्दाही टाळून चालणार नाही. टेक्सासने ५ सप्टेंबर २०२५ रोजी नवे कायदे केले: पूरक्षेत्रातल्या खोल्यांना परवाना नाही, प्रत्येक धोक्यासाठी वेगळी योजना, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, मुलांनाही सुरक्षिततेची माहिती, बाहेर पडायच्या वाटा दाखवणाऱ्या खुणा, पालकांना पूर्वसूचना. त्यावर अनेक शिबिरचालकांनी वाढीव शुल्काविरुद्ध आणि फायबर इंटरनेटच्या सक्तीविरुद्ध ओरड केली, काही न्यायालयातही गेले. दुर्गम डोंगरात केबल टाकायचा खर्च लहान शिबिराला पेलणार नाही, हे त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. कायदा करताना महागड्या गोष्टींवर भर देण्याचा मोह असतो, कारण त्या मोजता येतात. आपल्याकडे हाच धोका दुसऱ्या वाटेने येतो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, नोंदणी आली, ते योग्यच झालं. पण सुटीतली बहुसंख्य शिबिरं लहान संस्था, शिक्षक, कलावंत, हौशी गिर्यारोहक चालवतात. त्यांच्यावर फायलींचा बोजा टाकला तर फायली तयार होतील, तेवढंच. पहाऱ्याचं माणूस, शिट्ट्या, कंदील, यादी आणि उंच जागा यांना फार पैसे लागत नाहीत, आणि हे पुस्तक मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

मुलं घाबरतील, ही भीती मात्र मला निराधार वाटते. मुलांना ज्या गोष्टी सांगितल्या जात नाहीत, त्यांनी ती घाबरतात. पहिल्या संध्याकाळी जेवणाआधी अर्ध्या तासात हे करता येतं: प्रत्येकाने आपल्या चपला तंबूच्या तोंडाशी, पाय घालता येतील अशा बाहेर तोंड करून ठेवायच्या. बॅटरी उशाशी नाही, तंबूच्या खांबाला बांधायची, कारण अंधारात उशी सापडत नाही. तीन लांब शिट्ट्या ऐकल्या की सामान उचलायचं नाही, जोडीदाराचा हात धरायचा आणि दोरी लावलेल्या वाटेने टेकडीवरच्या ठरलेल्या जागी जायचं. तिथे नावांची यादी प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत पेन्सिल, कारण ओल्या कागदावर पेन चालत नाही. मग दिवे मालवून हेच पुन्हा एकदा अंधारात. मुलांना यात मजा येते. दुसऱ्या वेळी कुणाला किती वेळ लागला हे ती स्वतःच मोजू लागतात. आयोवातल्या मुलांनी आणि करेलियातल्या त्या मुलीने मोठ्यांच्या आधी काम केलं. मुलांना फक्त वाचवण्याचं ओझं समजणारी योजना ही ताकद वाया घालवते.

८ जून २०१४ रोजी हिमाचलमध्ये लार्जी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा सहल-आयोजक वाहून गेले. पाऊस नव्हता, पाणी कुठून येईल हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. तिथल्या उच्च न्यायालयाने वीज मंडळ, महाविद्यालय आणि सरकार या तिघांवर भरपाईची जबाबदारी वाटून टाकली. निकाल न्याय्य होता, पण भरपाईची वाटणी नंतर होते. शिबिराआधी जबाबदारी वाटायची तर ती नावानिशी वाटावी लागते, आणि पुढच्या प्रकरणांत प्रत्येक धोक्यासमोर मोकळी सोडलेली जागा त्याच नावांसाठी आहे. शिबिरचालकांनी ती भरावी. पालकांना माझी विनंती आहे की पैसे भरण्याआधी पहाऱ्यावरच्या माणसाचं नाव, पायी चढायची जागा आणि सरावाची वेळ विचारावी. ‘काळजी करू नका, आम्ही इतकी वर्षं शिबिर घेतोय’ एवढंच उत्तर मिळालं, तर मुलाला तिथे पाठवू नये.